मद्यमापे, मराठवाड्यातील

मद्याची किरकोळ विक्री करताना एका वेळी एका ग्राहकास जे ठरावीक परिमाण मोजून दिले जाते, त्यास मद्यमाप म्हणतात. नवटाक, पावशेर, पेग, क्वार्टर, वाइनचा पेला ही अशा मापांची उदाहरणे होत. धान्य, तेल किंवा दूध यांच्या मापांप्रमाणेच मद्यमापालाही विकणारा आणि घेणारा असे दोन पक्ष असतात. परंतु मद्याच्या बाबतीत शासन हा तिसरा आणि अनेकदा सर्वांत प्रबळ पक्ष असतो. ग्राहकाला दिलेल्या पैशाचा मोबदला पुरेपूर मिळावा, शासनाला कर बिनचूक आकारता यावा आणि पिणाऱ्याच्या शरीरात किती अल्कोहॉल गेले हे कळावे, असे मद्यमापाचे तीन उपयोग संभवतात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा इतिहास पाहता, दुसरा उपयोग सर्वांत आधी, पहिला त्यानंतर आणि तिसरा सर्वांत शेवटी विचारात घेतला गेला असे दिसते.

प्राचीन काळ : मोजून मद्य विकण्याची कल्पना भारतात जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय असून त्यात पानगृहांची व्यवस्था वर्णिली आहे. सामान्यतः मद्य पानगृहातच प्यावे, बाहेर नेऊ नये. मात्र ज्यांच्या शुद्ध वर्तनाबद्दल खात्री आहे, त्यांना पाव कुडुंब, अर्धा कुडुंब, एक कुडुंब, अर्धा प्रस्थ किंवा एक प्रस्थ इतके मद्य बाहेर नेण्यास द्यावे, असा त्यातील नियमाचा आशय आहे. चार कुडुंबांचा एक प्रस्थ होतो. म्हणजे सर्वांत लहान व सर्वांत मोठे माप यांत सोळा पटींचे अंतर असून मधली मापे प्रत्येकी दुपटीने वाढत जातात. पाव, अर्धा, पूर्ण या क्रमाने माप ठरविण्याची ही रीत पुढे शेराच्या मापांतही आढळते आणि आजच्या बाटल्यांच्या आकारांतही तिचा माग लागतो.

लातूरपासून जवळच असलेले तेर (प्राचीन तगर) हे सातवाहन काळातील भरभराटीचे व्यापारी केंद्र होते. पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख असून, तेथील माल भडोच (बॅरिगाझा) बंदराकडे जात असल्याचे म्हटले आहे. याच बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालात वाइनचा समावेश होता व तीत इटालियन वाइनला अधिक पसंती होती, असेही त्या ग्रंथावरून कळते. द्राक्षाच्या मद्याशी दख्खनचा संबंध अशा रीतीने सु. दोन हजार वर्षांचा असला, तरी तो श्रीमंतांपुरता व व्यापारी पेठांपुरता मर्यादित राहिला. सर्वसामान्यांचे मद्य मोह आणि शिंदी यांपासूनच होत असे.

मोह व शिंदी : नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट व माहूर या वनप्रदेशात गोंड, कोलाम, आंध, परधान इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. तेथे चैत्राच्या सुमारास गळणारी मोहाची फुले वेचून, वाळवून व आंबवून त्यांचे मद्य गाळतात. देवकार्य, लग्न, मर्तिक अशा प्रसंगी हे मद्य पानांच्या द्रोणातून देण्याची रीत आहे. येथे द्रोण हेच माप होय. परंतु ते विक्रीचे नसून वाटपाचे माप आहे. सर्वांना सारखे मिळावे, एवढाच त्याचा हेतू. याउलट पूर्वेकडील बिलोली, धर्माबाद व देगलूर या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात शिंदीच्या झाडाला खाच पाडून काढलेला रस (शिंदी) आणि ताडाचा रस (ताडी) यांचे सेवन अधिक. झाडावरून उतरविलेला रस मडक्यात साठवून लोट्याने किंवा गडव्याने विकला जाई. हा रस ताजा असताना गोड असतो व उन्हाबरोबर आंबत जातो. त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या एकाच लोट्यातील अल्कोहॉल सारखे नसते. केवळ आकारमानाने मद्य मोजण्याची मर्यादा येथे स्पष्ट होते.

गाळीव मद्यासाठी मात्र शेराची अपूर्णांक मापे रूढ होती. ८० तोळ्यांचा पक्का शेर धरल्यास त्याचे वजन सु. ९३३ ग्रॅ. भरते. त्याचा चतुर्थांश म्हणजे पावशेर (सु. २३३ ग्रॅ.), अष्टमांश म्हणजे नवटाक (सु. ११७ ग्रॅ.) आणि सोळावा भाग म्हणजे छटाक (सु. ५८ ग्रॅ.). शेर गावोगाव कमीअधिक वजनाचा असल्यामुळे ही परिमाणे सर्वत्र तंतोतंत सारखी नव्हती. तथापि मराठी बोलीत ‘नवटाक मारणे’, ‘पावशेर टाकणे’ हे शब्दप्रयोग मद्यपानाचे पर्याय म्हणूनच रूढ झाले. माप व्यवहारातून गेले, तरी त्याचे नाव भाषेत टिकून राहिले.

निजामी आबकारी : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा संस्थानातील जिल्हा होता, तर लातूर हे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील व्यापारी पेठेचे गाव होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. किनवट तालुका त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. संस्थानाच्या उत्पन्नात जमीन महसुलाबरोबरच आबकारीचा वाटा मोठा होता. मद्य गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने मक्त्यावर दिला जाई. या मक्त्यास ‘गुत्ता’ व मक्ता घेणाऱ्यास ‘गुत्तेदार’ म्हणत. मराठवाड्यात आजही कोणत्याही ठेकेदारास गुत्तेदार म्हणतात आणि मराठीत सर्वत्र मद्याच्या दुकानास गुत्ता हे नाव पडले आहे, ते यामुळेच. १३१६ फसली (१९०६–०७) मधील हैदराबाद आबकारी अधिनियमाने या व्यवस्थेस कायद्याचे रूप दिले. शिंदी व ताडी यांच्या बाबतीत शासन रस मोजत बसत नसे. झाडावर पट्टी आकारून ते मोकळे होई. झाड मोजणे सोपे, रस मोजणे अवघड, हे त्यामागील साधे कारण होते.

या पद्धतीचे परिणाम दूरगामी झाले. लिलावात मोठी बोली लावलेल्या गुत्तेदाराला ती रक्कम ग्राहकाकडूनच वसूल करावी लागे. दर वाढविणे, माप आखडणे किंवा मद्यात पाणी मिसळणे असे तीन मार्ग त्याला मोकळे होते. आणि दराच्या तुलनेत माप व पाणी या गोष्टी ग्राहकाच्या सहज लक्षात येत नाहीत. शासनाचा हिशेब झाडांच्या संख्येवर आणि लिलावाच्या रकमेवर बसलेला असल्यामुळे ग्राहकाच्या पेल्यात किती पडले, याच्याशी त्याचा थेट संबंध उरत नसे.

छावण्या आणि पेग : शेराच्या मापांहून वेगळी अशी ब्रिटिश मापे मराठवाड्यात प्रथम लष्करी छावण्यांतून आली. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या नांदेडजवळ हिंगोली येथे आणि लातूरजवळ मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे होत्या. ही फौज १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन करण्यात आली. ब्रिटिश पद्धतीत मद्य गॅलन, पिंट, गिल व औंस यांत मोजले जाई. इंपीरियल गॅलन ४·५४६ लिटरचा असून त्याचा सहावा भाग, म्हणजे सु. ७५८ मिलि., ही मद्याच्या बाटलीची रूढ धारणक्षमता होती. ‘पेग’ हा शब्द अँग्लो-इंडियन बोलीत सोडा घातलेल्या ब्रँडी किंवा व्हिस्कीच्या एका पेल्यासाठी वापरात आला आणि पुढे तो मापाचे नाव बनला. लहान पेग सु. एक औंसाचा (२८·४ मिलि.) व मोठा पेग सु. दोन औंसांचा (५६·८ मिलि.) धरला जाई. मोठा पेग आणि देशी छटाक ही दोन मापे जवळजवळ सारखी आहेत. दोन भिन्न परंपरा एकाच परिमाणापाशी येऊन थांबल्या, ही लक्षणीय गोष्ट होय.

शिंदीतोड, १९४७ : हैदराबाद मुक्तिसंग्रामात मद्याच्या महसुलाला राजकीय महत्त्व प्राप्त झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने ऑगस्ट १९४७ पासून संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणासाठी सत्याग्रह आरंभिला. जंगल कायदा मोडणे, लेव्ही न देणे, करोडगिरी नाकी उठविणे यांबरोबरच शिंदीची झाडे तोडणे हा या लढ्याचा एक प्रमुख कार्यक्रम होता. त्यात दोन उद्दिष्टे एकवटली होती : व्यसनमुक्तीचा गांधीप्रणीत आग्रह आणि संस्थानच्या तिजोरीवर आघात. पट्टी झाडावर असल्यामुळे झाड पडले की तेवढा महसूल बुडे. ज्या सोयीसाठी शासनाने रसाऐवजी झाड मोजण्याची पद्धत स्वीकारली होती, तीच सोय आता सत्याग्रहींच्या कामी आली. दुसऱ्या बाजूस, शिंदी काढण्यावर पोट असलेल्या कुटुंबांची उपजीविकाही या झाडांवर अवलंबून होती, हेही विसरता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा शेवट झाला.

दारूबंदी : स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनास औषधी प्रयोजन वगळता प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी अधिनियम संमत केला होता. हाच अधिनियम आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९५९ च्या विस्तार अधिनियमाने दारूबंदी तेथेही लागू झाली. गुत्ते बंद झाल्याने अधिकृत मापेही नाहीशी झाली. मद्य मात्र नाहीसे झाले नाही. गूळ व नवसागर यांपासून चोरून गाळलेली हातभट्टीची दारू रबरी ट्यूबमधून व फुग्यांतून वाहून आणून पेल्याने विकली जाऊ लागली. तिचे आकारमान, तीव्रता आणि शुद्धता यांपैकी कशाचीच हमी नसे. बेकायदा मालात माप कमी भरले म्हणून तक्रार करण्यास ग्राहकाला जागा राहत नाही. अशा मद्यात मिथिल अल्कोहॉलाची भेसळ झाल्यास काय अनर्थ ओढवतो, हे जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली तेव्हा पुन्हा दिसून आले.

दारूबंदीचे हे अपयश आणि महसुलाची हानी लक्षात घेऊन राज्य शासनाने १९६० नंतरच्या दशकात परवाना पद्धती टप्प्याटप्प्याने सैल केली. देशी मद्याच्या विक्रीस पुन्हा वाव मिळाला व १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी मद्य नियम करण्यात आले. अधिनियमाचे नाव दारूबंदीचे राहिले आणि त्याखाली परवाने मिळू लागले. पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा, अशी कायद्याची अपेक्षा असल्याने उपाहारगृहाच्या मद्यकक्षास ‘परमिट रूम’ हे नाव मिळाले. नांदेड व लातूर येथील रस्त्यांवर आजही हीच पाटी दिसते.

दशमान मापे : १९५६ च्या वजने व मापे प्रमाणके अधिनियमाने देशात दशमान पद्धती स्वीकारली व तिची अंमलबजावणी १९५८ पासून क्रमाक्रमाने झाली. शेर, छटाक, गॅलन व औंस ही सर्व मापे मागे पडली. परंतु नवी मापे सर्वस्वी नवी नव्हती. जुन्या मापांना जवळचा पूर्णांक देऊन ती ठरविली गेली. गॅलनाच्या सहाव्या भागाची बाटली ७५० मिलि. झाली, लहान पेग ३० मिलि. व मोठा पेग ६० मिलि. झाला. बाटलीचा अर्धा भाग ३७५ मिलि. आहे. चतुर्थांश खरे पाहता १८७·५ मिलि. होतो, परंतु ‘क्वार्टर’ म्हणून विकली जाणारी बाटली १८० मिलि. भरते. तिच्यातून ३० मिलि.चे बरोबर सहा पेग निघतात. तिच्या निम्म्या आकाराची ९० मिलि.ची बाटली बोलीत ‘नाइंटी’ आणि ७५० मिलि.ची ‘खंबा’ म्हणून ओळखली जाते. नवटाक व पावशेर यांची जागा अशा रीतीने नाइंटी व क्वार्टर यांनी घेतली.

याच काळात कच्चा मालही बदलला. मराठवाड्यात ऊस व साखर कारखाने वाढत गेले, तशी मळीपासून तयार होणाऱ्या मद्यार्काची उपलब्धता वाढली. देशी मद्य आता प्रामुख्याने याच मद्यार्कापासून होते. मोह वनप्रदेशापुरता उरला. कारखान्यातील मद्यार्क ठरावीक तीव्रतेचा व मोहोरबंद बाटलीतील असल्यामुळे शासनाला झाडे मोजण्याची गरज राहिली नाही.

वाइनचा पेला : मराठवाड्यात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानांत प्रामुख्याने व्हिस्की, रम, ब्रँडी यांसारखी तीव्र मद्ये व बीअर विकली जाते. त्यामुळे बोलीत वाइन या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे द्राक्षरस आंबवून केलेले मद्य, बराच पुसट झाला आहे. महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाचा विस्तार १९८० नंतर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव आणि त्यानंतर नासिक या परिसरांत झाला. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व विंचूर (नासिक) आणि पलूस (सांगली) येथे वाइन उद्याने स्थापिली. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही, यावर राज्यभर मोठा वाद झाला. लातूर परिसरातही द्राक्षबागा आहेत.

उपाहारगृहात वाइन पेल्याने देताना भारतात प्रायः १५० मिलि.चे प्रमाण धरतात. त्यानुसार ७५० मिलि.च्या बाटलीतून पाच पेले होतात. इतर देशांत हे प्रमाण भिन्न आहे. इंग्लंडमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत वाइनसाठी राज्यभर एकच माप असावे, असे कलम होते. तेथे १९८८ च्या आदेशानुसार पेल्याने विकावयाच्या वाइनसाठी १२५ व १७५ मिलि. अशी मापे ठरविण्यात आली. अमेरिकेत पाच औंसांचा (सु. १४८ मिलि.) पेला प्रमाण मानतात. वाइनचा पेला रुंद तोंडाचा व अर्ध्याहून रिकामा ठेवावयाचा असल्यामुळे नजरेने त्याचा अंदाज चुकतो. खूण नसलेल्या पेल्यात १२५ व १५० मिलि. यांतील फरक सहज लपतो. पाच पेल्यांची बाटली त्यामुळे सहा पेल्यांची होऊ शकते.

माप आणि मात्रा : आकारमान सारखे असले, तरी निरनिराळ्या मद्यांतील अल्कोहॉल सारखे नसते. जागतिक पातळीवर तुलनेसाठी १० ग्रॅ. शुद्ध अल्कोहॉल हे एक प्रमाण पेय मानण्याचा प्रघात आहे. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यात सामान्यतः ४२·८ टक्के अल्कोहॉल असते. ब्रिटिश ‘प्रूफ’ पद्धतीतील २५ अंश अंडर प्रूफ या तीव्रतेचे हे दशमान रूप होय. त्यानुसार ३० मिलि.च्या लहान पेगमध्ये सु. १० ग्रॅ., म्हणजे बरोबर एक प्रमाण पेय इतके अल्कोहॉल असते. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलि.च्या पेल्यात ते सु. १४ ग्रॅ. भरते. ५ टक्क्यांच्या बीअरच्या ६५० मिलि.च्या बाटलीत सु. २६ ग्रॅ., तर ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बीअरच्या तेवढ्याच बाटलीत सु. ४१ ग्रॅ. अल्कोहॉल असते. ४२·८ टक्के तीव्रतेच्या एका क्वार्टरमध्ये ते सु. ६१ ग्रॅ., म्हणजे सहा प्रमाण पेयांइतके होते. वाइन सौम्य व म्हणून निरुपद्रवी हा समज, तसेच बीअर म्हणजे दारू नव्हे हा समज, या आकड्यांपुढे टिकत नाही. वाइनचा एक पेला लहान पेगहून अधिक अल्कोहॉल देतो. मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

कायदा व व्यवहार : वैध मापन अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अंमलात असून त्याखाली विक्रीत वापरले जाणारे प्रत्येक माप पडताळून मुद्रांकित केलेले असावे लागते. परमिट रूममधील पेगचे मापही यास अपवाद नाही. मद्याचा परवाना व कर हे विषय राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, तर मापाची सत्यता वैध मापन यंत्रणेकडे, अशी विभागणी आहे. ग्राहकाला माप पाहण्याचा हक्क असला, तरी पेग बहुधा आडोशाच्या काउंटरमागे भरला जातो आणि बर्फ व सोडा घालून समोर येतो. म्हणूनच लहान गावांत अनेक ग्राहक सुटा पेग न मागता मोहोरबंद क्वार्टर मागतात. बाटलीवरील आकडा व मोहोर हीच त्यांना विश्वासार्ह वाटतात. या सावधगिरीमुळे ग्राहकाची फसवणूक टळते. परंतु एक किंवा दोन पेग घेण्याचा बेत असलेल्याच्या हाती सहा पेगांची बाटली येते. प्रामाणिक मापाचा अभाव असा अतिसेवनास हातभार लावतो.

मद्याच्या मापाचा हिशेब केवळ पेल्यापुरता नसतो. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबात एका क्वार्टरची किंमत दिवसाच्या मिळकतीतून वजा होते आणि तिचा भार बहुधा स्त्रियांवर पडतो. गावातील मद्याचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात झाली, ती स्त्रियांच्या आंदोलनांमुळे. या मतदानात ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान चालू ठेवणे व ‘आडवी बाटली’ म्हणजे ते बंद करणे, अशी चिन्हे असतात. आडव्या बाटलीच्या बाजूने नोंदणीकृत मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडणे आवश्यक असते. केवळ झालेल्या मतदानाचे बहुमत पुरेसे नसल्याने, मतदानाला न आलेल्या प्रत्येकीचे मत उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

द्रोणापासून मोहोरबंद बाटलीपर्यंतच्या या वाटचालीत माप अधिकाधिक नेमके होत गेले. परंतु ते प्रामुख्याने कर बसविणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या सोयीने नेमके झाले. पिणाऱ्याच्या शरीरात किती ग्रॅम अल्कोहॉल जाते आणि त्याच्या घरातून किती रुपये जातात, हे सांगणारे माप समाजाच्या नित्य परिचयाचे झालेले नाही.